न्हावाशेवाची चाळणी आणि नगरचे दुकान

अहिल्यानगरच्या, म्हणजे आपल्या नगरच्या, सावेडी भागात किंवा शिर्डीच्या बाजारपेठेत एखाद्या बऱ्यापैकी दुकानाच्या काचेच्या कपाटात तीन तऱ्हांचे ‘फॉरेनचे’ चॉकलेट शेजारी-शेजारी मांडलेले दिसू शकते. पहिले नावाने इटालियन, पण जन्माने बारामतीचे. ‘किंडर जॉय’ बनवणाऱ्या फेरेरो कंपनीचा कारखाना 2011 पासून बारामतीच्या एमआयडीसीत आहे. दुसरे खरोखर स्वित्झर्लंड किंवा बेल्जियमहून आलेले. त्याच्या पाठीवर आयातदाराचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि हिरवा ठिपका असलेले पांढरे स्टिकर असते. तिसऱ्याच्या पाठीवर मात्र काहीच नसते. ते दुबईच्या विमानातून कुणाच्या तरी बॅगेत आले, मुंबईच्या घाऊक बाजारात फिरले आणि तिथून नगरला पोहोचले. गिऱ्हाइकाला या तिघांत फरक दिसतो तो फक्त किमतीचा. कायद्याच्या नजरेत मात्र पहिल्याची तपासणी कारखान्यात झाली, दुसऱ्याची बंदरात, आणि तिसऱ्याची कुठेच झाली नाही. तरीही तिघे एकाच कपाटात बसू शकतात, आणि सगळ्यात जास्त कौतुक तिसऱ्याचे होते.

परदेशी चॉकलेटच्या आयातीबद्दल बोलताना आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. व्यापारी म्हणतो, नियमांनी गळा आवळला आहे. ग्राहक म्हणतो, बाहेरचे ते चांगलेच असणार, मग एवढी झडती कशाला? दोघांचेही अर्धे खरे आहे. माझे म्हणणे असे की दारावरची तपासणी कडकच हवी, पण तिचा जोर कागदावरून पदार्थाकडे वळला पाहिजे, आणि ती दारापाशी संपता कामा नये. न्हावाशेवा बंदरात जितकी कडकाई आहे तितकीच ती पाथर्डी, श्रीगोंदा आणि संगमनेरला नसेल, तर बंदरावरच्या कडकाईतून सुरक्षितता मिळत नाही. फक्त माल महाग होतो.

आधी बंदरावर काय घडते ते पाहू. चॉकलेट विकण्यासाठी आणायचे तर आयातदाराकडे परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांक लागतो आणि भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, केंद्रीय परवाना लागतो. जहाज न्हावाशेवाला लागले की त्याचा सीएचए, म्हणजे कस्टमचे काम पाहणारा एजंट, बिल ऑफ एंट्री भरतो. 2016 पासून कस्टमच्या एकखिडकी व्यवस्थेमुळे ही नोंद थेट एफएसएसएआयच्या संगणकावर जाते. कागदपत्रे तपासली जातात. मग अधिकारी कंटेनर उघडून माल डोळ्यांनी पाहतो. थंडावा टिकला आहे का, कीड लागली आहे का, लेबल नीट आहे का, मुदत किती उरली आहे, हे तो बघतो. गरज वाटली तर नमुना काढला जातो, त्याचे दोन भाग होतात, एक प्रयोगशाळेत जातो आणि दुसरा वादासाठी राखून ठेवला जातो. अहवाल पाच दिवसांत यावा अशी अपेक्षा असते. पास झाला तर ना-हरकत मिळते आणि कस्टम माल सोडते. नापास झाला तर माल परत पाठवायचा किंवा नष्ट करायचा. या काळात कंटेनर बंदरात उभा असतो, रेफ्रिजरेशनचे बिल चढत असते आणि डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, वेगळे लागते.

यात कराची भर पडते. चॉकलेटवर मूळ सीमाशुल्क 30 टक्के आणि त्या शुल्कावर 10 टक्के सामाजिक कल्याण अधिभार. म्हणजे 100 रुपयांचा माल बंदरातच 133 रुपयांचा होतो. त्यावर 18 टक्के जीएसटी होता तेव्हा एकूण कर जवळपास 57 रुपये व्हायचा. 22 सप्टेंबर 2025 पासून चॉकलेटवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला. आता तोच हिशेब सुमारे 40 रुपयांवर येतो. तिसऱ्या, बॅगेतल्या चॉकलेटने यातला एकही रुपया भरलेला नसतो. त्याचे स्वस्त असणे हा विक्रेत्याचा चमत्कार नसून सरकारी तिजोरीतून घेतलेली सूट आहे, आणि प्रामाणिक आयातदाराला दिलेली शिक्षा आहे.

आता मूळ प्रश्न. एवढी झडती खरोखर हवी का? स्विस किंवा बेल्जियन कंपनी आपल्यापेक्षा स्वच्छ असणार असे गृहीत धरणाऱ्यांनी 2022 चा एप्रिल आठवावा. बेल्जियममधल्या आर्लों गावातल्या फेरेरोच्या कारखान्यातून निघालेल्या किंडर चॉकलेटमुळे युरोपात साल्मोनेलाचा संसर्ग पसरला, आणि आजारी पडलेल्यांत बहुतांश लहान मुले होती. 8 एप्रिलला बेल्जियमच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने तो कारखाना बंद केला. तोवर तिथला माल शंभराहून अधिक देशांत गेलेला होता. चटका लावणारी गोष्ट अशी की कारखान्यातल्या टाकीत हे जंतू डिसेंबर 2021 मध्येच आढळले होते. म्हणजे जगातल्या सर्वांत नावाजलेल्या कंपन्यांपैकी एक, सर्वांत कडक समजल्या जाणाऱ्या युरोपीय व्यवस्थेत, आणि तरीही माल बाहेर गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकसंस्थेने डार्क चॉकलेटच्या 28 वड्या तपासल्या. त्यांपैकी 23 वड्यांत शिसे किंवा कॅडमियम इतके निघाले की रोज 28 ग्रॅम खाल्ले तर संस्थेने धरलेली मर्यादा ओलांडली जावी. कॅडमियम कोकोच्या झाडात जमिनीतूनच येते. म्हणून युरोपीय संघाने 2019 पासून चॉकलेटमधल्या कॅडमियमला कोकोच्या प्रमाणानुसार मर्यादा घातली. तेव्हा परदेशी आहे म्हणून शुद्ध आहे या समजुतीला आधार नाही. झडती हवीच.

पण कसली झडती? आर्लोंच्या प्रकरणातून निघणारा खरा धडा असा आहे की बंदरावर काढलेला एक नमुना अशी आपत्ती पकडेलच याची खात्री नसते. साल्मोनेला चॉकलेटमध्ये सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. थोड्या वड्यांत असतो आणि चरबीच्या आवरणात महिनोन्महिने तग धरतो. युरोपात तो पकडला गेला तो रुग्णांच्या नमुन्यांतल्या जंतूंची जनुकीय तुलना केल्यामुळे, आणि माल कोणत्या कारखान्यातून निघाला हे सांगता आल्यामुळेच तो परत मागवता आला. बंदराची चाळणी भोकापेक्षा मोठे असेल तेवढेच अडवते. बाकीचे काम माग काढण्याच्या व्यवस्थेने करायचे असते. आपल्याकडे माल परत मागवण्याचे नियम 2017 पासून आहेत. पण बॅच क्रमांक पुसट झालेला, आयातदाराचे नाव नसलेला, पावतीशिवाय विकलेला माल कोण परत मागवणार? तिसऱ्या चॉकलेटचा खरा धोका हा आहे. ते वाईटच असते असे नाही. वाईट निघाले तर ते कुठून आले हे कळण्याचा मार्गच नसतो.

म्हणून स्टिकरची थट्टा करणाऱ्यांशी मी सहमत नाही. मात्र स्टिकरच्या नावाखाली जे झाले त्याची थट्टा करायला हरकत नाही. 2013-14 च्या सुमारास चॉकलेटसह कितीतरी परदेशी खाद्यपदार्थांचे कंटेनर लेबलच्या आक्षेपांवरून आपल्या बंदरांत अडकून पडले. पदार्थ खाण्यायोग्य आहे की नाही हा प्रश्न बाजूला पडला आणि अमुक मजकूर छापलेला आहे की चिकटवलेला, यावर वाद झाले. त्याच काळात, 8 मे 2013 रोजी, एफएसएसएआयने एक सूचनापत्र काढून अनेक पदार्थांना विक्रीआधी ‘प्रॉडक्ट अप्रूव्हल’ घेण्याची सक्ती केली. सूचनापत्र म्हणजे सल्ला, आणि सल्ल्याने कायदा करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ‘व्हायटल न्यूट्रास्युटिकल्स’ प्रकरणात 30 जून 2014 रोजी हे सूचनापत्र बेकायदा ठरवले. 19 ऑगस्ट 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि त्यानंतर प्राधिकरणाने ती पद्धत मागे घेतली. न्यायालयाने अन्नसुरक्षेविरुद्ध काही म्हटलेले नव्हते. नियम करायचा असेल तर कायद्याने ठरवलेल्या वाटेने, हरकती मागवून, संसदेपुढे ठेवून करा, एवढेच त्याचे म्हणणे होते.

आज व्यवस्था बरीच शहाणी झाली आहे. आयातदाराचे नाव-पत्ता, एफएसएसएआयचे चिन्ह व परवाना क्रमांक, आणि शाकाहारी-मांसाहारी खूण एवढ्या गोष्टी बाँडेड वेअरहाऊसमध्ये, म्हणजे कस्टमच्या देखरेखीखालच्या गोदामात, स्टिकरने लावता येतात. घटक, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख मात्र मूळ वेष्टनावरच हवी. ही विभागणी योग्य आहे. जी माहिती फक्त उत्पादकालाच ठाऊक असते ती आयातदाराने नंतर चिकटवली तर तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? आणि जी माहिती फक्त भारतातच अर्थपूर्ण आहे ती झुरिकच्या कारखान्याने का छापावी?

त्या भारतीय माहितीत सर्वांत वजनदार आहे तो हिरवा ठिपका. नगर जिल्हा वारकऱ्यांचा आहे, महानुभावांचा आहे, आणि जैन आचार्य आनंदऋषीजींच्या चिचोंडीचाही आहे. इथे चॉकलेटच्या वेष्टनावर पहिली नजर त्या ठिपक्याकडे जाते, किमतीकडे नंतर. परदेशी गोळ्या-चॉकलेटांत जिलेटिन असू शकते, अंडे असू शकते, लाल रंगासाठी किड्यांपासून काढलेले कार्माइन असू शकते. युरोपीय ग्राहकाला ते घटकांच्या यादीत नावाने किंवा क्रमांकाने कळते. नगरच्या आजीला ती यादी कळत नाही, ठिपका कळतो. तेव्हा ही खूण म्हणजे आयातीतला अडथळा आहे असे म्हणणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याला सांगायला हवे की तुमच्याकडे ॲलर्जीची सूचना जितकी गंभीर, तितकीच आमच्याकडे ही खूण आहे. आपण काय खायचे हे ठरवण्याचा लोकांचा अधिकार हीदेखील सुरक्षितताच आहे.

पण मग ॲलर्जीच्या सूचनेचे काय? 2020 च्या लेबलिंग नियमांनी गव्हातले ग्लूटेन, दूध, अंडी, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन, मासे अशी यादी करून त्यांचा उल्लेख सक्तीचा केला. त्या यादीत तीळ नाहीत. अलीकडच्या काळात गाजलेल्या ‘दुबई चॉकलेट’मध्ये पिस्ता, कुनाफा आणि तिळाची पेस्ट असते. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने 2025 मध्ये अशा चॉकलेटांबाबत ॲलर्जी असणाऱ्यांना जाहीरपणे सावध केले, कारण काही वेष्टनांवर सगळे घटक लिहिलेलेच नव्हते. आपल्याकडे हेच चॉकलेट बॅगेतून येते आणि समाजमाध्यमांवरून विकले जाते. संक्रांतीला तिळगूळ वाटणाऱ्या प्रदेशाला तिळाची ॲलर्जी म्हणजे चोचले वाटतील. पण ज्या मुलाचा घसा सुजतो त्याच्यासाठी ते चोचले नसतात.

भाषेचाही प्रश्न आहे. कायदा म्हणतो, लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावे आणि इतर भाषा चालतील. मराठीची सक्ती नाही. परिणामी बहुतेक वेष्टने इंग्रजी असतात. स्टिकर भारतातच, तेही बऱ्याचदा महाराष्ट्रातल्याच गोदामात लावले जाते. मग ‘दूध, शेंगदाणे आहेत’ एवढी ओळ मराठीत छापायला कितीसा खर्च येणार? महाराष्ट्रात विकायच्या मालापुरती ही अपेक्षा अवाजवी नाही, आणि राज्य सरकारने ती केंद्राकडे मांडायला हवी.

माल बंदरातून सुटला की एफएसएसएआयच्या आयात विभागाचे काम संपते आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे, म्हणजे एफडीएचे, सुरू होते. कल्याणहून माळशेज घाट चढून, आळेफाटा, टाकळी ढोकेश्वरमार्गे नगरला येणारा रस्ता एप्रिल-मे महिन्यांत काय असतो हे सांगायला नको. चॉकलेटमधले कोको बटर 33-34 अंश सेल्सियसला वितळते. नगरचा पारा उन्हाळ्यात चाळिशीला टेकतो. न्हावाशेवाला वातानुकूलित कंटेनरमध्ये तपासलेले चॉकलेट तिथून पुढे साध्या टेम्पोत, पत्र्याच्या गोदामात आणि वीज गेलेल्या दुकानात राहते. वितळून पुन्हा गोठले की त्यावर पांढरी झाक येते. ती विषारी नसते, पण माल कसा हाताळला गेला याची साक्ष असते. मुदतीचा नियमही बघा. आयातीच्या वेळी किमान 60 टक्के आयुष्य किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी तेवढे शिल्लक हवे. म्हणजे पाच महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या कुठल्याही मालाला तीन महिने उरलेले असले की दार उघडे. मग घाऊक व्यापारी, जिल्ह्याचा वितरक आणि दुकान अशा तीन पायऱ्या उतरेपर्यंत हातात काही आठवडेच राहतात. ‘एकावर एक फुकट’ या पाटीमागे अनेकदा हेच गणित असते.

विक्रीच्या टोकाला काय होते याचा महाराष्ट्राला जुना अनुभव आहे. ऑक्टोबर 2003 मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, एफडीएला मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्कमध्ये अळ्या आढळल्या. कंपनीचे म्हणणे होते, दोष कारखान्याचा नाही, दुकानातल्या साठवणुकीचा आहे. दोष कुणाचाही असो, अळी ग्राहकाच्याच ताटात आली. पुढे 2004 च्या जानेवारीत कंपनीने वेष्टन बदलले, ॲल्युमिनियमचा कागद आणि घट्ट बंद आवरण आणले, आणि किरकोळ विक्रेत्यांना साठवणूक शिकवायला माणसे पाठवली. हे सगळे आधी का झाले नाही? कारण तोवर तपासणीची नजर कारखान्याच्या फाटकापर्यंतच जात होती. आयातीच्या बाबतीत ती आज बंदराच्या फाटकापर्यंत जाते. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा असलेला, 14 तालुक्यांचा हा जिल्हा मोजक्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी राखायचा, तर अकोल्यापासून जामखेडपर्यंतच्या प्रत्येक दुकानात कोण जाणार?

आणि ही विसंगती फक्त चॉकलेटची नाही. 2008 मध्ये चीनमध्ये लहान मुलांच्या दुधाच्या भुकटीत मेलामाइन मिसळल्याचे उघड झाले. सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली, सहा दगावली. दुधाचा दर्जा नायट्रोजन मोजून ठरत होता. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो, म्हणून पाणी घातलेले दूधही परीक्षेत पास होत होते. भारताने त्याच वर्षी चिनी दूध, दुग्धजन्य पदार्थ आणि चॉकलेटवर बंदी घातली आणि ती वेळोवेळी वाढवली. 2019 मध्ये ती वाढवताना कारण असे दिले गेले की सर्व बंदरांवरच्या प्रयोगशाळांत मेलामाइन तपासण्याची क्षमता येईपर्यंत बंदी राहील. म्हणजे अकरा वर्षांनंतरही अडचण चीनच्या दुधाइतकीच आपल्या प्रयोगशाळांची होती.

हे वाचताना नगर जिल्ह्यातल्या माणसाने स्वतःच्या दूध संकलन केंद्राकडे पाहावे. इथेही दूध फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धेतर घन पदार्थ, मोजून विकत घेतले जाते. 2023 मध्ये श्रीगोंदा तालुक्यात दूधभेसळीचे मोठे प्रकरण उघडकीस आले. व्हे पावडर आणि पॅराफिनसारखे पदार्थ वापरून दुधाचा आकडा जमवला जात होता. तर्क तोच, जो चीनमध्ये होता: मोजणाऱ्या यंत्राला फसवा, पिणाऱ्याची चिंता करू नका. एफएसएसएआयच्या 2018 च्या राष्ट्रीय पाहणीत 6,432 नमुन्यांपैकी घातक भेसळ फक्त 12 नमुन्यांत सापडली ही चांगली बातमी. पण त्याच पाहणीत 5.7 टक्के नमुन्यांत बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन एम-1, मर्यादेपेक्षा जास्त होते. ते येते पशुखाद्यातून. हे दूध जर एखाद्या परदेशी बंदरावर गेले असते तर ते परत आले असते. आपल्याकडे ते चहात गेले. चिनी चॉकलेट बंदरावर रोखणारा देश आपल्याच गोठ्यातल्या विषाबद्दल इतका निवांत कसा?

प्रयोगशाळांचा प्रश्न न्यायालयातही उघडा पडला आहे. 2015 मध्ये मॅगीवरची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने 13 ऑगस्टला उठवली, त्यामागचे एक मुख्य कारण असे की ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांना त्या तपासणीसाठी आवश्यक मान्यता नव्हती. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा नसेल तर सरकार दोषीला पकडू शकत नाही आणि निर्दोषालाही न्याय मिळत नाही.

आता दाराच्या दुसऱ्या बाजूला जाऊ. नगर जिल्ह्यातून द्राक्ष, डाळिंब, कांदा परदेशी जातो. 2010 मध्ये महाराष्ट्राची द्राक्षे युरोपच्या बंदरांत अडकली, कारण त्यांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अवशेष सापडले. आपल्या तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हतेच. बागायतदारांचे कंबरडे मोडले, बँकांची कर्जे थकली. त्या वेळी आपण म्हणालो की युरोप अडवणूक करतो. पण त्या धक्क्यानंतर काय झाले? कृषी निर्यात पाहणाऱ्या ‘अपेडा’ या सरकारी संस्थेच्या ‘ग्रेपनेट’ व्यवस्थेत बागेचा क्रमांक, फवारणीची नोंद आणि अवशेषांचा प्रयोगशाळा अहवाल हे अधिक काटेकोर झाले. आज रॉटरडॅममधल्या द्राक्षाच्या पेटीवरून बाग शोधता येते. जो माग आपण युरोपीय ग्राहकासाठी काढू शकतो, तो नगरच्या बाजारातल्या ग्राहकासाठी का काढू शकत नाही? निर्यातीच्या द्राक्षाला एक तराजू आणि घरच्या द्राक्षाला दुसरा, हा अन्याय शेतकऱ्याने नव्हे, व्यवस्थेने केलेला आहे.

शुल्काचा मुद्दाही इथेच येतो. 30 टक्के शुल्क कुणाचे रक्षण करते? चॉकलेटमध्ये तीन मुख्य गोष्टी असतात: साखर, दूध आणि कोको. पहिल्या दोन नगरच्या. 1950-51 च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि देशातल्या सहकारी साखर चळवळीचा पाया इथे घातला गेला. तिसरी गोष्ट, कोको, महाराष्ट्रात जवळपास पिकत नाही. ती केरळ, आंध्र, कर्नाटक आणि तामिळनाडूत पिकते, आणि तीही देशाला पुरत नाही. तरीही साखर आणि दूध आपले असून या पट्ट्यात चॉकलेटचा मोठा देशी धंदा उभा राहिला नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात वालचंद हिराचंद यांच्या रावळगावने साखरेपासून गोळ्यांपर्यंतचा प्रवास केला. पण ‘पान पसंद’ आणि ‘मँगो मूड’ ही नावे फेब्रुवारी 2024 मध्ये 27 कोटी रुपयांना रिलायन्सकडे गेली. या सगळ्या काळात परदेशी गोड मालावर शुल्काची भिंत उभीच होती. रावळगावला तिने वाचवले नाही, कारण रावळगावचे प्रतिस्पर्धी देशाच्या आतच कारखाने घालून बसले होते.

ही भिंत आता खाली येते आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झालेल्या युरोपीय मुक्त व्यापार संघाबरोबरच्या करारानुसार स्विस चॉकलेटवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. शुल्क उतरले की सुरक्षिततेचा नियम हीच शेवटची भिंत उरते. तेव्हा दोन मोह होतील. एक, सुरक्षिततेच्या नावाखाली बाहेरचा माल अडवायचा. जागतिक व्यापार संघटनेचा अन्नसुरक्षा करार हेच करू नका म्हणतो: नियमाला शास्त्रीय आधार हवा आणि घरच्या व बाहेरच्या मालाला तो सारखा हवा. दुसरा मोह, कराराच्या घाईत तपासणी सैल करायची. दोन्हींत नुकसान ग्राहकाचेच. यातून सुटण्याचा मार्ग एकच आहे: बाहेरच्या चॉकलेटला जी कसोटी लावाल, तीच आतल्या दुधाला, पेढ्याला, खव्याला आणि चॉकलेटला लावा.

नियम किती बारकाईने लिहिता येतो याचे एक उदाहरण सांगतो. डिसेंबर 2019 मध्ये सरकारने टपाल आणि कुरियरने भेट म्हणून शुल्काशिवाय येणाऱ्या मालाची सवलत बंद केली, पण जीवरक्षक औषधे आणि राखी यांना वगळले. राखीला सूट, राखीबरोबरच्या भेटवस्तूला नाही. म्हणजे अमेरिकेतल्या बहिणीने संगमनेरच्या भावाला पाठवलेला धागा शुल्काशिवाय आत येईल, त्याच पाकिटातल्या चॉकलेटवर मात्र शुल्क बसेल. हसू येते खरे, पण इतका बारीक नियम लिहू शकणाऱ्या सरकारला मराठीतली एक ओळ आणि जिल्ह्याची एक प्रयोगशाळा जमणार नाही असे मानायला कारण नाही.

करण्यासारखे काम स्पष्ट आहे. बंदरावर नाकारलेल्या मालाची कारणांसह यादी लोकांना समजेल अशा भाषेत नियमित प्रसिद्ध व्हावी, म्हणजे नावाजलेल्या ब्रँडचा दरारा आपोआप ताळ्यावर येईल. दूध आणि साखरेच्या या जिल्ह्यात मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळा असावी. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, मनुष्यबळ शोधायला लांब जावे लागणार नाही. एफडीएने बंदराच्या नोंदी आणि दुकानातला माल यांचा मेळ घालावा, म्हणजे स्टिकर नसलेला माल विकणाऱ्याला उत्तर द्यावे लागेल. व्यापारी संघटनांनी अशा मालाला कपाटात जागा देणाऱ्या आपल्याच सभासदाला आधी जाब विचारावा, कारण नुकसान प्रामाणिक सभासदाचेच होते.

आणि वाचकांसाठी एवढेच. परदेशी चॉकलेट घेताना पाकीट उलटे करा. आयातदाराचे नाव, परवाना क्रमांक, मुदत आणि ठिपका नसेल तर ते कितीही प्रसिद्ध असले तरी ठेवून द्या, आणि घेतलेच तर पावती मागा. मग तीच नजर डेअरीच्या दुधाकडे आणि मिठाईच्या ताटाकडे वळवा. शंका आली तर एफडीएकडे लेखी तक्रार करा. ज्या जिल्ह्यात ग्राहक मागणार नाही, तिथे कोणतेही बंदर त्याचे रक्षण करू शकणार नाही.